चावीवाल्याला डबलसीट

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी पाणी खात्यात नोकरीला नाही, कधी नव्हतो आणि तशी इच्छाही नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे, तिथं मी एकोणीस वर्षं टाइमकीपर आहे. तरीसुद्धा आमच्या नगरात येऊन तुम्ही ‘बिभीषण नवगिरे कुठं राहतात?’ असं विचारलंत, तर समोरचा माणूस ‘ते पाणीवाले का?’ असंच विचारणार. हे कसं झालं ते सांगतो. मधे हसायचं नाही. हसणारे लोक या सहा महिन्यांत मी पुष्कळ बघितलेत.

टाइमकीपरचं काम लोकांना सोपं वाटतं. गेटच्या आतल्या खोलीत बसायचं आणि आठ वाजून पाच मिनिटांनंतर जो येईल त्याच्या नावापुढं लाल शाईनं लेट मार्क लावायचा. मालकांनी मध्यंतरी अंगठ्याचं मशीन आणलं होतं. पण टॉवेलचा रुंवा त्याच्या काचेवर बसतो आणि मग ते कुणालाच ओळखत नाही. एकदा त्यानं खुद्द मालकांनाच ओळखलं नाही, आणि मालक अर्धा तास स्वतःच्या गेटवर अंगठा दाबत उभे राहिले. त्या दिवसापासून मशीन गोदामात गेलं आणि मी व रजिस्टर खोलीत राहिलो.

माझी काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती माझ्या मेहुण्याची. बायकोचा भाऊ सयाजी माढ्याला असतो, एका साखर कारखान्यात शेतकी अधिकारी आहे, आणि दर दिवाळीला ओवाळणीच्या ताटासमोर बसून मला विचारतो, “दाजी, अजून गेटवरच का?” एवढंच विचारतो आणि करंजी खातो. बायको, म्हणजे गिरिजा, त्या वेळी माझ्याकडं बघत नाही. ते न बघणं मला लई लागतं.

तर गेल्या वर्षी मालकांची धाकटी मुलगी, संस्कृती मॅडम, पुण्याहून एमबीए करून आल्या आणि कारखाना सुधारायला लागल्या. आमचे प्रशासन अधिकारी नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांची केबिन जिन्यावर आहे. काचेचा दरवाजा, एसी, फिरती खुर्ची, आणि खिडकीतून माझी खोली दिसते. मॅडमनी सगळ्या स्टाफला कँटीनमध्ये बसवलं आणि जाहीर केलं की ही जागा वशिल्यानं भरायची नाही, बाहेरूनही भरायची नाही. “कारखान्यातली एक खरी समस्या शोधा. महिन्याभरात सोडवा. सगळ्यांसमोर मांडा. ज्याची समस्या सगळ्यात चांगली सुटेल, तो वर जाईल. अट एकच, वय पन्नासच्या आत.”

मला येत्या दिवाळीत पन्नास पूर्ण होणार होती. म्हणजे माझ्यासाठी ही शेवटची गाडी. सुटली की सुटली.

मग मॅडमनी समस्या सोडवायची जपानी पद्धत शिकवली. लागोपाठ पाच वेळा ‘का’ विचारायचं, पाचव्या ‘का’ला मूळ कारण हाती लागतं. आमच्या घरी गिरिजा मला रोज पाचापेक्षा जास्त वेळा ‘का’ विचारते आणि त्यातून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही, हे मी मनातच ठेवलं. वहीत मात्र ‘पाच का’ असं ठळक लिहून खाली रेघ मारली. शेजारी डिस्पॅचचा शिवराज बसला होता. अठ्ठावीस वर्षांचा, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या, आणि सदानकदा मांडीवर लॅपटॉप. त्यानं तिथल्या तिथं कारखान्यातली सगळ्यात मोठी समस्या उचलली. आमच्या डाईंग खात्यावरची टाकी चार महिन्यांपासून भरत नव्हती. खालून मोटर ओरडायची, वर पाण्याचा पत्ता नसायचा आणि रंगाचं काम निम्म्यावर आलं होतं. तीन प्लंबर हात टेकून गेले होते. “मी डेटा काढतो,” शिवराज म्हणाला. मॅडमनी मान डोलावली आणि मी वहीतली रेघ आणखी ठळक केली.

माझ्याकडं डेटा म्हणजे काय, तर लेट मार्क. रात्री जेवण झाल्यावर रजिस्टर घेऊन बसलो. महिन्याचे एकशे चाळीस लेट मार्क, त्यातले एकशे अठरा चेकिंग खात्यातल्या बायकांचे. टॉवेल तपासून, धागे कापून, घड्या घालणाऱ्या या बायका, आणि सगळ्या आमच्याच बाजूच्या सहा नगरांतल्या. एकोणीस वर्षं मी ते लाल मार्क लावत होतो, पण एकदाही त्यांची बेरीज केली नव्हती. समस्या माझ्याच टेबलावर पडून होती की!

दुसऱ्या दिवशी चेकिंगच्या रंभाबाई आठ वाजून बावीस मिनिटांनी आल्या. मी पेन उचलला नाही. जपानी पद्धतीनं सुरुवात केली.

“रंभाबाई, उशीर का?”

“पानी आलं साहेब.”

“पाणी तर सहाला यायचं. उशिरा का येतं?”

“धोंडिराम चावी उशिरा फिरवतो की.”

“का?”

“त्येची गाडी चालू हुत न्हाय.”

“का?”

“आता ते मला काय ठाव? आनि तुमी आज असं गोड का बोलायलाय? मार्क लावायचा तर लावा आन् सोडा, तितं माल पडलाय.”

पाचवा ‘का’ त्यांनीच मला विचारला, पण मूळ कारण सापडलं होतं. ज्यांना सोलापूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी एकदा येतं. त्या दिवसाला ‘पाण्याचा दिवस’ म्हणतात आणि त्या दिवशी घरातलं एक माणूस नळापाशी पाहिजेच, मग बाहेर लग्न असो नाहीतर मयत. कुठल्या नगराला कधी पाणी सोडायचं ते चावीवाल्याच्या हातात. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण काढायचं, छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी आत घालायची आणि फिरवायची. आमच्या सहा नगरांचा चावीवाला म्हणजे धोंडिराम. म्हणजे टॉवेलचा माल वेळेवर निघणं हे धोंडिरामच्या मोपेडवर अवलंबून होतं! हे शोधून काढल्यावर मला दोन रात्री झोप आली नाही. केबिनमधल्या एसीचं तोंड कुठल्या बाजूला असावं याचा विचार करत पडलो होतो.

शेजारी महादेवप्पा राहतात. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मूळचे अक्कलकोटकडचे, अर्धं मराठी आणि अर्धं कानडी बोलतात, सल्ला मात्र पूर्ण देतात. ते म्हणाले, “एन री नवगिरे, आधी अर्ज करा. अर्जाशिवाय काय बी हालत नाही.”

अर्ज केला. विषय लिहिला, ‘चावीवाल्यास वाहन मिळणेबाबत’. कुठल्या ऑफिसात गेलो ते सांगत नाही, तिथली माणसं चांगली आहेत, उगाच त्यांना त्रास नको. पहिल्या टेबलानं विचारलं, “तुम्ही चावीवाले का?” म्हटलं, नाही. “मग त्यांचे कोण?” म्हटलं, कुणी नाही. “मग तुम्हाला गाडी कशाला?” दुसऱ्या टेबलानं सांगितलं की धोंडिराम ठेक्यावरचा माणूस आहे, त्याचं ठेकेदाराला विचारा. ठेकेदाराच्या माणसानं सांगितलं की गाडी धोंडिरामची स्वतःची आहे, त्याचं धोंडिरामला विचारा. तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी अर्ज नीट वाचला, कौतुकानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “अक्षर छान आहे तुमचं.” त्यावर शिक्का मारून मला परत दिला.

मग महादेवप्पांचा दुसरा सल्ला आला. “अर्जानं काय होतंय? गाडी इकडं आणा. आपण उघडू.”

मी धोंडिरामला शोधून काढलं. पंचेचाळिशीचा, काटक, कपाळावर अष्टगंध, डोक्याला उपरणं. ‘गाडी फुकट दुरुस्त करून देतो’ म्हटल्यावर तो माझ्याकडं संशयानं बघायला लागला. “का साहेब?” त्यानं विचारलं. सगळ्यांनाच जपानी पद्धत येत होती. रविवारी मोपेड आमच्या अंगणात आली. महादेवप्पांनी बनियनवर बसून ती सुटी केली. गल्लीतली चार माणसं खुर्च्या घेऊन आली आणि प्रत्येकानं एकेक भाग हातात घेऊन ‘हे गेलंय’ असं सांगितलं. गिरिजानं तीनदा चहा केला. संध्याकाळपर्यंत मोपेड जोडून झाली, आणि फरशीवर दोन नट व एक स्प्रिंग उरली. “जादा होते,” महादेवप्पा म्हणाले.

आधी ती मोपेड उशिरा चालू व्हायची. आता चालू होणंच तिनं सोडून दिलं. धोंडिरामनं ती स्प्रिंग उचलून खिशात घातली आणि मोपेड ढकलत निघाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मागून ओरडलो, “धोंडिराम, उद्यापासून मी सोडतो तुला! स्कूटरवर!”

तोंडातून शब्द गेले ते गेले.

पहाटे पाचला मी स्कूटर काढायचो. मागं धोंडिराम, आणि धोंडिरामच्या खांद्यावर ती चावी, आडवी. सरळ रस्त्यावर काही अडचण नव्हती. वळलं की चावीसुद्धा वळायची, आणि ती आमच्यापेक्षा मोठं वळण घ्यायची. पहिल्या दिवशी दूधवाल्याचा कॅन गेला. दुसऱ्या दिवशी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बोर्ड नाकाच्या जागी फाटला. तिसऱ्या दिवशी फिरायला निघालेल्या महादेवप्पांची टोपी चावीच्या टोकाला अडकून पुढच्या नगरात गेली. ‘अय्यो, अय्यो’ करत ते मागं पळत होते आणि मला वाटलं ते निरोप द्यायला आलेत, म्हणून मी हात हलवला. त्यानंतर चार दिवस त्यांनी मला सल्ला दिला नाही. ते चार दिवस चांगले गेले.

आसरा चौकात हवालदारानं धरलं.

“हे काय हत्यार?”

“चावी आहे साहेब.”

“मग कुलूप कुठाय?”

“जमिनीत.”

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मी खिशातून शिक्का मारलेला अर्ज काढला. त्यांनी तो उलटासुलटा वाचला आणि माझ्याकडं जास्तच वाईट नजरेनं बघितलं. तेवढ्यात मागून धोंडिराम उतरला. “साहेब, तुमी मागच्या नगरात ऱ्हाता की, पिवळ्या बंगल्याशेजारी. तुमचं पानी उद्या साडेपाचला. आईला सांगा, ह्या बारीला जोर चांगला आसंल.” हवालदारसाहेबांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी धोंडिरामशी हात मिळवला, चहा सांगितला आणि मला हेल्मेटची पावती फाडून दिली.

तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा माणूस साधा नाही. पण मी मोठेपणाच्या नादात होतो.

इकडं गल्लीत बातमी पसरली की नवगिरे पाणी खात्यात लागले. सकाळपासून फोन. ‘अहो, मुलीला बघायला पाहुणे येणारायत, अर्धा तास जास्त सोडा.’ ‘नवगिरे, आमच्या वरच्या मजल्याला चढत नाही, तुमचं वजन वापरा.’ एका गृहस्थांनी मला पेढे दिले आणि मी घेतले नाहीत तर म्हणाले, “कमी आहेत का?” माझी एकोणीस वर्षांची अब्रू चेंबरमध्ये चालली होती. त्यात सयाजीचा फोन आला. “दाजी, गेटवरची नोकरी गेली म्हणं? चावीवाल्याच्या हाताखाली लागलाय व्हय?” मी म्हटलं, हे बढतीसाठी चाललंय. मग तो म्हणाला, “ताईला फोन द्या.”

गिरिजानं फोन ठेवला आणि त्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. “अहो, खरं सांगा. मिळंल ना केबिन?”

“मिळंल,” मी म्हटलं. “मूळ कारण सापडलंय.”

आणि खोटं नाही, उपाय लागू पडला! सहाच्या ठोक्याला पाणी सुटायला लागलं. साडेसातपर्यंत बायकांचं भरून व्हायचं आणि आठला पाच कमी असताना चेकिंग खातं गेटमधून हसतखेळत आत यायचं. पहिल्या आठवड्यात चेकिंगचे लेट मार्क नऊ. दुसऱ्या आठवड्यात दोन. तिसऱ्या आठवड्यात एकही नाही. मी लाल पेनाचं टोपण उघडून बसायचो आणि आठ वाजून दहाला लावून टाकायचो. रंभाबाईंनी एके दिवशी माझ्या टेबलावर शेंगाचटणीची पुडी ठेवली. “घ्या साहेब, घरची हाय.” या बाईंनी एकोणीस वर्षांत माझ्याशी वेळ सोडून दुसरं काही बोललेलं नव्हतं. मी पुडी घेतली आणि लाल पेनाच्या खणात जपून ठेवली.

सादरीकरणाचा दिवस आला. टोपी परत मिळाल्यापासून महादेवप्पा पुन्हा सल्ल्याला तयार झाले होते. “नुसतं तोंडानं सांगू नका री. साक्षीदार उभा करा. धोंडिरामला घेऊन जा.” मला पटलं. माझ्या आयुष्यातल्या ज्या गोष्टी मला पटल्या त्यांची एक यादी केली पाहिजे, लोकांच्या उपयोगी पडेल.

धोंडिराम पहाटेची चावी फिरवून थेट माझ्याबरोबर आला. पायाला चिखल, हातात चावी. वॉचमननं चावी बाहेर ठेवायला सांगितलं तर म्हणाला, “ही सरकारी हाय, मला सोडता येत न्हाय.” मग तो चावीसकट कँटीनमध्ये शेवटच्या बाकावर बसला. पुढं मालक, अंबादासशेठ. पांढरा सफारी, हातात जपमाळेसारखा मोबाइल. हातमागावर बसून वर आलेला माणूस, शिक्षण सातवी, घरी तेलुगू आणि बाहेर जे समोर येईल ते बोलतात. शेजारी संस्कृती मॅडम.

आधी शिवराज. बेचाळीस स्लाइड! डाईंगच्या टाकीचा नकाशा, पाण्याच्या जोराचे आलेख, लाल, निळे, हिरवे बाण. दहाव्या स्लाइडला मालकांचे डोळे मिटले. पंचविसाव्या स्लाइडला धोंडिराम माझ्याकडं वाकून म्हणाला, “साहेब, हे पाइप कुटं हायती? जरा बगून येतो.” मी म्हटलं, जा बाबा, माझ्या वेळेला ये. शिवराजची शेवटची स्लाइड होती, ‘अधिक अभ्यास आवश्यक’. माझ्या मनात मोर नाचला. हरला की रे हा!

मी उठलो. तक्ता लावला. चेकिंगचे लेट मार्क एकशे अठरावरून शून्य! मॅडम पुढं सरकून बसल्या. मी पहिला ‘का’ सांगितला, दुसरा सांगितला, तिसरा सांगितला. मालकांनी डोळे उघडले. चौथ्या ‘का’वर मी थोडा थांबलो, कारण भाषणात थांबण्याला महत्त्व असतं. नेमक्या त्याच वेळी डाईंग खात्याकडून आरडाओरडा ऐकू आला. फिटर पळत आला.

“मालक! टाकी भरली! वाहायला लागली!”

मालक उठले, मॅडम उठल्या, शिवराज लॅपटॉप उघडाच टाकून पळाला. माझ्या हातात पट्टी तशीच. बघायला कुणीच नाही म्हटल्यावर मीही गेलो.

धोंडिराम पाइपापाशी उकिडवा बसला होता. चावीचं एक टोक पाइपावर टेकवलेलं आणि दुसऱ्या टोकाला कान. डोळे मिटलेले. आम्ही सगळे जमलो तेव्हा त्यानं बोट वर केलं, गप्प बसा म्हणून, आणि आमचे मालक, ज्यांना त्यांच्या घरचेही गप्प बसवू शकत नाहीत, ते गप्प उभे राहिले.

“आता बरं बोलतंय,” धोंडिराम म्हणाला. “वारं अडकलं हुतं मालक. ह्या कोपऱ्यात. पानी वर जाया बगतंय आन् वारं खाली दाबतंय. हितलं बूच ढिलं केलं, वारं गेलं. आनि त्यो तितला पाइपाचा वॉल उलटा बसवलाय कुनीतरी. त्यो सुलटा करा, न्हायतर परत अडकंल.”

“हे तुला कसं कळलं?” मालकांनी विचारलं.

“ऐकू येतंय की.”

मालकांनी त्याच्या हातातून चावी घेतली, तसा तो उठून मागं सरला. मालक वाकले, पाइपाला लावून कान टेकवला आणि मिनिटभर तसेच राहिले. मग उठून मुलीशी तेलुगूत काहीतरी बोलले. मला तेलुगू येत नाही. पण मधे ‘ऑफिसर’ हा शब्द आला आणि ते माझ्या दिशेनं बघत होते. मी पट्टी काखेत धरली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि नम्र चेहरा केला. मालक हसत पुढं आले, मला जरा बाजूला केलं आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या धोंडिरामच्या खांद्यावर हात ठेवला.

मॅडम एवढ्या खूश झाल्या होत्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “नवगिरे, लेट मार्कही यांनीच थांबवले ना? दोन्ही समस्यांच्या मुळाशी एकच माणूस! आणि तो तुम्ही शोधून आणलात. यालाच म्हणतात टीमवर्क.” मी ‘मी त्याला स्कूटरवरून’ एवढंच बोललो. खरंच, मी काय केलं होतं? मी स्कूटर चालवली होती.

धोंडिरामचं शिक्षण नववी. मॅडम त्यावर थोड्या अडखळल्या, तर मालक म्हणाले, “माझ्यापेक्षा दोन यत्ता जास्त आहे.” विषय संपला. पदाचं नाव थोडं वाढवून ‘प्रशासन व पाणी अधिकारी’ केलं. शिवराजला सर्टिफिकेट मिळालं. माझा टाळ्यांच्या गजरात टॉवेलचा जोड देऊन सत्कार केला. टॉवेलच्या कारखान्यातल्या माणसाला टॉवेल! घरी आमच्याकडं पडदेसुद्धा टॉवेलचे आहेत.

संध्याकाळी धोंडिराम माझ्या खोलीत आला. उपरणं काढून हातात धरलं होतं. “साहेब, मी न्हाय म्हनलं हुतं. मालक ऐकंनात. अकरा वर्सं ठेक्यावर काडली मी. पोरीचं शिक्षान हाय.” त्याच्या डोळ्यांत खरोखरची भीती होती, मी रागावेन म्हणून. मी रागावलोच होतो. मला रडू येत होतं आणि त्याच्या नरड्याला धरावंसंही वाटत होतं. मी म्हटलं, “अभिनंदन.” घसा साफ करून पुन्हा म्हटलं, कारण पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नव्हतं.

घरी गिरिजाला सांगितलं. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाली, “केबिन गेली ते जाऊ द्या. पण अहो, आपला चावीवाला घालवलात की हो!”

हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. गल्लीच्या मात्र रात्रीपर्यंत आला. महादेवप्पा, टोपी घट्ट धरून, मोर्चाच घेऊन आले. अकरा वर्षांत ज्यानं कुणाचं बारसं, कुणाचं आजारपण, कुणाची रात्रपाळी सगळं लक्षात ठेवून चावी फिरवली, तो माणूस मी स्कूटरवर बसवून दुसऱ्यांना देऊन आलो होतो. ज्यांनी पेढे आणले होते ते गृहस्थ तर म्हणाले, “आमचे पेढे परत द्या.” मी घेतलेच नव्हते, हे कुणी ऐकून घेईना.

नवीन चावीवाला आला. त्याला कुठलं चेंबर कुठल्या नगराचं हेच माहीत नव्हतं. पाचव्या दिवशी आमचा पाण्याचा दिवस. गिरिजा सयाजीची समजूत घालायला माढ्याला गेली होती आणि जाताना सांगून गेली होती, “पाणी भरल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. निदान तेवढं करा.” सहा वाजले, सात वाजले, नळ कोरडा. पावणेआठला पाणी सुटलं, तेही करंगळीएवढं. सव्वाआठला मी पाइप धरून टाकीपाशी उभा आणि फोन वाजला. प्रशासन व पाणी अधिकारी.

“साहेब, कुटं हाय? तब्येत बरी हाय न्हवं?”

“पाणी आलंय,” मी म्हटलं.

“आसं व्हय! मग भरून घ्या निवांत. पान्यापुडं नोकरी काय करायची? मी हाय की हितं.”

एकोणीस वर्षं मी त्या गेटवर बसलो. बायका ओल्या पदरानं धापा टाकत यायच्या आणि मी घड्याळाकडं बोट दाखवायचो. ‘भरून घ्या निवांत’ हे तीन शब्दांचं औदार्य मला एकदाही सुचलं नव्हतं. ती केबिन त्याला का मिळाली ते मला तिथं, हातात पाइप धरून, लख्ख कळलं. आणि कळल्यावर असा संताप आला म्हणून सांगू!

“निवांत-बिवांत काही नाही!” मी फोनवर ओरडलो. “नियम म्हणजे नियम. माझ्या नावापुढं लेट मार्क लावा!”

“लावला आसता की,” धोंडिराम साहेब म्हणाले, “पर ते रजिस्टर मला भरता येत न्हाय. तुमच्याबिगर कुनालाच येत न्हाय. हितं समदी खोळंबलीत. तुमीच या.”

नऊ वाजून दहाला मी गेटवर पोचलो. शर्ट छातीपर्यंत भिजलेला. माझ्या खोलीच्या दारात चेकिंगच्या चौदा बायका रांगेत उभ्या होत्या. पाणी त्यांच्याकडंही उशिरा आलं होतं, आणि मार्क लावणाराच नाही म्हणून त्यांना आत जाता येत नव्हतं. कुणी हसलं नाही. मी खुर्चीवर बसलो, रजिस्टर उघडलं आणि सवयीनं पहिलं नाव विचारलं.

सगळ्यात पुढं रंभाबाई होत्या. त्यांनी माझ्या ओल्या शर्टाकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि पदर खोचला.

“आमी आदी आलोय साहेब, तुमी मागनं आलाय,” त्या म्हणाल्या. “पयला तुमचा लावा.”

मी पहिला माझा लावला.